मागच्या खोलीची ऊब

॥ श्री ॥
क्लोनडॉकिन, डब्लिन
सोमवार, १२ जानेवारी २०२६ (पौष कृष्ण नवमी, शके १९४७)

चिरंजीव योगिनीस,

आशीर्वाद लिहिण्याचा अधिकार मजकडे उरला आहे की नाही हे निश्चित नसल्यामुळे ती ओळ मोकळी ठेवतो.

सर्वांत आधी हे वाच: तुझी आई धोक्याबाहेर आहे. दोन तारखेपासून ती न्यूमोनियाने रुग्णालयात होती. काल सकाळी ताप उतरला आणि संध्याकाळी तिने सारंगाजवळ चहा मागितला. एक घोट घेऊन म्हणाली, "हा चहा नव्हे, कपाचं विसळण आहे." ज्या रोग्याला चहाला नावे ठेवण्याची शक्ती आली तो जगतो, असे माझे मत आहे, डॉक्टरांचेही मत तेच पडले. गेल्या दहा दिवसांत ईश्वराजवळ जे जे मागितले ते येथे लिहिण्याजोगे नाही. आज प्रातःसंध्येला अर्घ्य देताना ओंजळीतले पाणी सांडले नाही, एवढे सांगितले तरी तुला समजेल.

ही वार्ता सारंगाने तुला दिलीच असेल. तुझा भाऊ तुला दर आठवड्यास फोन करतो हे मला ठाऊक आहे. ठाऊक नसल्याचे मी दाखवितो, आणि दाखवितो हे त्याला ठाऊक आहे. घरात शांतता नांदण्यास एवढी व्यवस्था पुरते.

मग नऊ वर्षांनी हे पत्र कशासाठी? एक शास्त्रीय प्रश्न विचारण्यासाठी. वॉटरफोर्डच्या तुझ्या कारखान्यात वैद्यकीय उपकरणे तापवून, निववून पारखणे हे तुझे काम आहे असे ऐकतो. उष्णतेसंबंधी तुझ्याहून अधिक जाणणारे माणूस माझ्या परिचयात नाही.

प्रश्न असा. डॉक्टर तुझ्या आईला शुक्रवारी, तेवीस तारखेस घरी सोडतील. परंतु तिची खोली वीस अंशांखाली जाता कामा नये. त्या दिवशी नर्स घरी येऊन स्वतः पाहणार आहे. खोली थंड निघाली तर तुझ्या आईला तीन आठवडे कोणत्या तरी शुश्रूषागृहात ठेवतील, जेथे तिच्या भाषेचे एकही माणूस नसेल. विमानप्रवासास तर वसंत सरेपर्यंत मनाईच आहे. आमच्या मुक्कामाची मुदत सारंगाने वाढवून मागितली आहे. काल तो चाचरत म्हणाला, "नाहीतर अप्पा, आईला ताईकडे नेऊ. तिचं घर छान गरम असतं." मी म्हणालो, "बघू." माझ्या 'बघू'चा अर्थ या घरात सर्वांना पाठ आहे.

सारंगाच्या या भाड्याच्या घरात आम्हा दोघांना जिना नको म्हणून खालची, मागच्या अंगाची खोली दिली आहे. तीत एक रेडिएटर आहे, खिडकीखाली, माझ्या कमरेएवढा. घरमालकाने तेलाचा बॉयलर काढून दोन वर्षांपूर्वी हीट पंप बसविला. त्याचे पाणी कढत नसते, कोमट असते, आणि रेडिएटर मात्र जुनेच राहिले. इतर खोल्यांत अठरा-एकोणीस अंश असतात. आमच्या खोलीत नोव्हेंबरात आल्यापासून काटा सोळाच्या वर गेलेला मी पाहिला नाही. खिडकीच्या काचेवर सकाळी पाणी साचते. सुटा विजेचा हीटर लावण्यास भाडेकरारात मनाई आहे.

कोमट रेडिएटरमधून अधिक ऊब काढण्याचा काही उपाय आहे काय? अकरा दिवस हाती आहेत. उत्तर सारंगाच्या नावे पाठविलेस तरी चालेल.

दत्तात्रय
(येथे 'अप्पा' असे लिहिणार होतो.)


शनिवार, १७ जानेवारी (पौष कृष्ण चतुर्दशी)

चि. योगिनी,

तुझे खोके काल दुपारी आले. आत पत्र नव्हते. ते मी दोनदा उलटून पाहिले. परंतु खोक्याभोवती सुती रुमाल होता, आणि त्यावरची दोरी आपल्या घरी पोथी बांधतात तशी बांधलेली होती: तीन वेढे आणि टोक आत खोचलेले. सारंग कात्री घेऊन आला. त्याला थांबविले व दोरी मी सोडली. तू सहा वर्षांची असताना ही बांधणी तुला शिकविण्यास मला पूर्ण एक दुपार लागली होती. ती पक्की बसली असे दिसते.

आता उपकरणाविषयी. संगणकात असतात तसले सहा छोटे पंखे, एका पट्टीवर ओळीने बसविलेले. सारंग जमिनीवर पालथा पडला व चुंबकांनी ती पट्टी त्याने रेडिएटरच्या बुडाशी चिकटविली. नळी तापली की पंखे आपोआप फिरतात, निवली की थांबतात. आवाज म्हणावा तर शेजारच्या खोलीत कोणी मनातल्या मनात जप करीत असल्यासारखा. मी सारंगास विचारले, "पंख्याने तर गारवा येतो. हा उलटा व्यवहार कसा?"

"अप्पा, पाणी कोमट असलं तरी हवा त्याच्यावरून भराभर सरकली की उष्णता जास्त निघते. तुम्ही बशीत चहा ओतून फुंकता ना? बशीतली उष्णता जाते कुठे? खोलीतच."

"मग मी आजवर फुंकर मारून वाईचे घर तापवीत होतो म्हणायचे."

"थोडंसं," तो जमिनीवरूनच म्हणाला.

आपल्या कोशांत अग्नीला 'वायुसख', म्हणजे वायूचा सखा, म्हटले आहे. तीस वर्षे हा शब्द मी शाळेत समास म्हणून सोडवून दाखविला. त्यात व्याकरणापलीकडे काही तथ्य असेल हे तुझ्या सहा पंख्यांनी आज पटविले.

तथापि तुला यथार्थ कळविणे भाग आहे. खोली तापली नाही. सोळाचे सतरा झाले, आणि तेथेच राहिले. खोक्यात निघालेल्या तुझ्या आकृतीबरहुकूम सर्व केले आहे. सारंगाने पट्टी दोनदा काढून बसविली. शेवटी घरमालकाचा माणूस, डिक्लन नावाचा, आज सकाळी आला. त्याने बाहेर पंप तपासला आणि "पंप ग्रँड आहे" असे सांगितले. ग्रँड म्हणजे येथे भव्य नव्हे, ठीक. नंतर तो आमच्या खोलीत आला व रेडिएटरवर हात ठेवण्यास वाकला, तोच सारंगाची बायको सानिका दारातून एवढ्या मोठ्याने "डोन्ट टच दॅट!" म्हणून ओरडली की त्याने दोन्ही हात वर केले.

"इज इट लाइव्ह?" त्याने घाबरून विचारले. विजेचा धक्का बसेल की काय, असे.

"नो, नो," सानिका म्हणाली, "इट्स... होली."

त्या भल्या माणसाने डोक्यावरची टोपी काढली, रेडिएटरकडे क्षणभर आदराने पाहिले, आणि त्याला न शिवताच निघून गेला. जाताना सारंगाला म्हणाला, की चाळीस वर्षांत पुष्कळ रेडिएटर पाहिले, असा पाहिला नाही.

पंख्यांचा एक लाभ मात्र निःसंशय झाला आहे. माझे सोवळे दुसऱ्या सकाळपर्यंत दमट राही. ते आज दुपारीच खडखडीत वाळले.

तुझी आई काल चार पावले चालली. तिला पंख्यांविषयी सांगितले. "कोणी पाठवले?" तिने विचारले. मी म्हणालो, "वॉटरफोर्डहून आले." ती पुष्कळ वेळ छताकडे पाहून हसत होती.

सहा दिवस उरले. आणखी पंखे लावावेत काय?

अप्पा


मंगळवार, २० जानेवारी (माघ शुद्ध द्वितीया)

योगिनी,

तुझे कार्ड सकाळी आले. नऊ वर्षांनंतरचे तुझे पहिले वाक्य: "अप्पा, सोवळं त्या रेडिएटरवर वाळत घालता का?" पुढे काही नाही. सही नाही.

ते वाचून मला प्रथम राग आला, हे लपवीत नाही. तीन-चार मिनिटे आला. नंतर मी खोलीत गेलो.

माझा नित्यक्रम तू विसरली नसशील. पहाटे स्नान, स्वहस्ते धुतलेले धोतर आणि उपरणे, आणि दुसऱ्या दिवशीच्या पूजेपर्यंत त्यांना कोणी शिवायचे नाही. वाईला परसात उंच दोरी होती, काठीने वाळत घालीत असू. येथे दोरी कोठे बांधावी? आल्या दिवशी खिडकीखाली तो उबदार पत्रा दिसला आणि देवानेच योजना केली असे वाटले. ओले धोतर चारपदरी घडी करून मी त्यावर घालीत आलो. ते पुढून जमिनीपर्यंत येते, त्यावर उपरणे, त्यावर पंचा. पंख्यांची पट्टी बसविताना मी माझे मीच काढून घेतले, आणि काम होताच पुन्हा घातले. सारंगाने ते पाहिले.

आज मी खोलीच्या दारात उभा राहून प्रथमच त्या वस्तूकडे तुझ्या दृष्टीने पाहिले. रेडिएटर कोठे दिसतच नव्हता. तुझे पंखे बिचारे खालून फिरत होते, आणि धोतर शिडासारखे फुगले होते. पंपाची सर्व उष्णता माझे धोतर वाळविण्यात खर्च होत होती, आणि धोतरातले सर्व पाणी तुझी आई श्वासावाटे घेत होती.

मी सानिकेला हाक मारली. विचारले, "हे तुला केव्हा कळले?"

ती खाली पाहू लागली. "पहिल्याच आठवड्यात, अप्पा."

"नोव्हेंबरात?"

"हो."

"सारंगाला?"

"त्यालाही."

"आणि तुम्ही दोघे, एवढी शिकलेली माणसे, तिकडे तुझी सासू कुडकुडत असता..."

"आम्ही आईंना वरची खोली देतो म्हणालो होतो. तुम्ही जिन्याचं कारण सांगून नको म्हणालात. मी एकदा म्हणाले, वाळत घालायला स्टँड आणू का. तुम्ही म्हणालात, त्याला घरातली सगळी शिवतील."

"मग स्पष्ट का नाही सांगितलेस?"

सानिका स्वभावाने हसरी आहे. तू तिला ओळखतेस की नाही कोण जाणे. पण तिने मान वर करून दिलेले उत्तर हसरे नव्हते. "कसं सांगणार, अप्पा? ताईंचं काय झालं ते या घरात आलेल्या प्रत्येकाला सांगितलं जातं. मलाही लग्नाच्या आधीच सांगितलं होतं."

योगिनी, त्या दिवसाविषयी आता लिहितो. पहिल्या पत्रात तो उल्लेख टाळता आला याचा मला आनंद झाला होता.

तुझ्या आजीचे वर्षश्राद्ध होते. तू पुण्याहून रजा घेऊन आली होतीस आणि पहाटे चारपासून स्वयंपाकघरात होतीस. वाऱ्याने परसातली दोरी तुटली. माझे सोवळे चिखलात पडणार, तोच तू धावत जाऊन ते झेललेस. मी बैठकीतून ते पाहिले. पुढच्या वर्षांत मी सर्वांना सांगितले की कोणी आणि का शिवले ते मला ठाऊक नव्हते. ते असत्य आहे. मी पाहिले होते. पाहूनही, चार ब्राह्मण पानावर बसण्याच्या बेतात असता, तुझ्या ओल्या हातांसह तुला अंगणात उभे केले, आणि तुझा सगळा स्वयंपाक विटाळला म्हणून गाईला घालावयास लावला. बाहेरून आचारी आणला. श्राद्ध चार वाजता उरकले. तू सहाच्या गाडीने गेलीस. मी स्टँडवर आलो नाही.

शास्त्र मी तुझ्याहून अधिक वाचले आहे, म्हणून माझा अपराधही अधिक आहे. संकटात आचार शिथिल होतो हे मी इतरांना शंभरदा सांगितले असेल. रेशीम आणि लोकर स्पर्शाने विटाळत नाहीत. माझ्याजवळ रेशमी मुकटा होता, लोकरीची धाबळी होती. तुझ्यासाठी वाट ठेवलेली होती. मी ती घेतली नाही, कारण चार माणसे पाहत होती.

माझ्याकडून हे लिहिवून घेण्यास शास्त्र पुरले नाही; एक थर्मामीटर लागला.

सानिकेला म्हणालो, "हे सगळे तू काढ."

"मी? अप्पा, तुम्हीच..."

"नाही. तूच काढ."

तिने हात ओढणीला पुसले, आणि एकेक वस्त्र उचलले. कडकडाट झाला नाही. देवघरातले निरांजन होते तसेच तेवत होते. नंतर ती म्हणाली की वरच्या मजल्यावर गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट आहे, येथे त्याला हॉट प्रेस म्हणतात, लोक त्यातच कपडे सुकवितात. "तुमच्यासाठी एक कप्पा रिकामा करते. तिथे कोणाचे मोजे नको यायला."

"मोजे राहू देत," मी म्हणालो.

नऊ वाजता काटा सतरावर होता. दहाला अठरा. मी खुर्ची घेऊन त्याच्यासमोर बसलो. पूजेतही एवढे एकाग्र चित्त माझे क्वचित झाले असेल. साडेअकराला एकोणीस, आणि दीडला साडेवीस. काचेवरचे पाणी आटले. पंखे आपले फिरत होते. सारंग कचेरीतून दर अर्ध्या तासाने विचारीत होता, "स्कोअर किती?"

दुपारी सारंग कचेरीतून आल्यावर रुग्णालयात गेलो व त्या तरुण डॉक्टरीणबाईंना सारंगाकरवी सर्व हकिगत सांगितली. विचारले, माझ्या धोतराने माझी पत्नी आजारी पडली काय? त्यांनी फार गंभीरपणे ऐकून घेतले. म्हणाल्या, न्यूमोनिया जंतूंनी होतो, धोतराने होत नाही. पण ओल छातीला चांगली नव्हे, पुन्हा घालू नका. मी परत परत तेच विचारल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाहेर आल्यावर सारंग म्हणाला, "अप्पा, चला, सुटलात." खरेच सुटल्यासारखे वाटले. व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिलो. सारंगाने मला पाणी आणून दिले, आणि पुष्कळ वेळ भिंतीवरच्या सूचना वाचीत उभा राहिला.

उद्या पूजेला मी तेच धोतर नेसणार आहे, जे सानिकेने उचलले.

तुझ्याकडे क्षमा मागण्याचा विधी मला माहीत नाही. वडिलांनी मुलीची क्षमा मागण्याचा विधी मी कोठे वाचलेला नाही, म्हणून साध्या शब्दांत मागतो. मी चुकलो. मला क्षमा कर.

अप्पा


शुक्रवार, २३ जानेवारी (माघ शुद्ध पंचमी)

चि. योगिनीस अनेक शुभाशीर्वाद. परत केलेस तरी पुन्हा पाठवीन.

तुझी आई घरी आली.

अकरा वाजता सारंगाने तिला गाडीतून उतरविले. ती दारात थांबली, श्वास घेतला, आणि तिला खोकला आला नाही. मागच्या खोलीत आल्यावर तिने आधी रेडिएटरकडे पाहिले, मग माझ्याकडे. "तुमचं धोतर कुठाय?"

"वर. हॉट प्रेसमध्ये."

"कशात?"

"सारंगाच्या मोज्यांशेजारी."

ती पलंगावर बसली आणि मग एवढी हसली की सानिका पाणी घेऊन धावली.

नर्स दोन वाजता आली. भिंतीवरचा काटा पाहिला: एकवीस. वहीत खूण केली, खिडकी तपासली, आईच्या पाठीला नळी लावून ऐकले. पट्टीकडे पाहून "हे कोणी केलं?" असे तिने विचारले. मी माझ्या इंग्रजीत सांगितले, "माय डॉटर. शी इज ॲन इंजिनियर." नर्स म्हणाली, फार हुशार दिसते. मी म्हणालो, होय. या वाक्याला मला नऊ वर्षे लागली हे तिला सांगण्याचे कारण नव्हते. शुश्रूषागृहाचा कागद तिने आमच्यादेखत फाडला.

मी हे लिहीत असता खोलीत एवढी ऊब आहे की खांद्यावरची शाल बाजूस ठेवली आहे. तुझी आई मऊ भात जेवून उशांना टेकून बसली आहे आणि मी काय लिहितो ते वाकून पाहते. तिला थकवा येईल म्हणून मी पत्र येथेच थांबविणार होतो. यापुढे एकच गोष्ट लिहावयाची आहे, आणि गेला अर्धा तास ती लिहिता येत नाही. ती म्हणते पेन द्या. देतो.

योगे, मी बरी आहे बघ. अक्षर वाकडं येतंय ते सलाइनमुळे, हात सुजलाय जरा. मला कोणाकडे पाठवायचं नव्हतं म्हणून ह्यांनी तुला पहिलं पत्र लिहिलं, हे खरं. पण तुझी पेटी आली त्या दिवशी रुग्णालयात येऊन माझ्या उशाशी बसले आणि तासभर पंखे कसे फिरतात तेच सांगत होते. मी डोळे मिटून ऐकत होते. झोपले होते असं त्यांना वाटलं. मग हळूच म्हणाले, "पोरीचं डोकं फार चालतं गं." तू सोडून गेलीस तेव्हापासून तुझ्याबद्दल एक शब्द ऐकला नव्हता मी ह्यांच्या तोंडून.

माणूस हेकट आहे, वाईट नाही. आता इथे तीन पानं लिहून बसलेत आणि 'ये' लिहवत नाही, घाम आलाय. घाम खोलीचा नाही.

तर मी लिहिते. पत्र मिळालं की दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीने ये. एकटी ये नाहीतर कोणाला घेऊन ये, कोण आहे ते मला सारंग सांगत नाही पण मला कळतं. आलीस की आधी माझ्याशेजारी बस, मग ह्यांना काय बोलायचं ते बोल, भांडायचं असेल तर भांड, मी आहे. दोन पंखे जास्त आण, सानिकाच्या खोलीतही लावू म्हणते. आणि चहाची चांगली पावडर आण गं, इथली संपली.
तुझी आई

वरील मजकूर मी वाचला. त्यातील प्रत्येक शब्द माझाच समजावा. जेथे मला हेकट म्हटले आहे, तोही. गाडी कितीची ते सारंगाला कळव. या वेळी मी स्टेशनवर येईन.

अप्पा